खरी नक्कल



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात एकही लढाई नाही, आणि त्यातील बरीचशी माणसे आजही हयात आहेत. हा इतिहास नकलेचा आहे. तहसील कचेरीतून सात-बाराचा उतारा आणताना आपण त्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारून घेतो. हे दोन शब्द शेजारी शेजारी कसेसेच वाटतात. जी नक्कल आहे ती खरी कशी? पण व्यवहारात त्यांचा अर्थ आपणां सर्वांस ठाऊक आहे. मूळ कागद दप्तरात आहे, हातातला कागद त्याच्याशी अक्षरशः जुळतो, आणि तो जुळतो अशी कोणीतरी हमी घेतलेली आहे. संगणकाच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम जगभर पसरल्या त्या कोणा एका दुकानातून नव्हे, तर पुष्कळशा घेणाऱ्यांच्याच हातून. त्या कशा पसरल्या, आणि इतक्या हातांतून जाऊनही त्यांच्या नकला खऱ्या कशा राहिल्या, हा आजचा विषय.

विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यात नर्सी आहे त्या जिल्ह्याने तो परका मानण्याचे कारण नाही. नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण मानतो. नामदेवांचा काळ सामान्यतः १२७० ते १३५० असा धरतात. त्यांची पदे पंजाबात पोहोचली, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान झाले, आणि १६०४ साली शिखांचा आदिग्रंथ सिद्ध झाला तेव्हा त्यात नामदेवांच्या ६१ पदांस जागा मिळाली. ही पदे तेथवर कोणत्या छापखान्याने नेली? छापखाना नव्हताच. ऐकणाऱ्याने पाठ केले, पाठ करणाऱ्याने गायिले, गाणाऱ्याजवळून कोणी बाडात उतरवून घेतले. एका कीर्तनातला श्रोता दुसऱ्या गावी जाऊन स्वतः गाणारा झाला. मूळ गायक निवर्तल्यावरही गायन थांबले नाही, कारण ते एका ठिकाणी साठवलेले नव्हतेच मुळी.

या रीतीत एक मोठी उणीव मात्र होती. 'नामा' ही मुद्रा कोणासही वापरता येई. पुढे विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी होऊन गेले. त्यांची रचना नामदेवांच्या रचनेत इतकी मिसळली की ती निवडताना विद्वानांस आजही कष्ट पडतात. ज्ञानेश्वरीवरही अशीच वेळ आली होती. शके १२१२ मधील हा ग्रंथ. नकलेवरून नक्कल होता होता त्यात पाठभेद शिरले, कोणी कोणी आपल्या ओव्याही घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला, आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी त्यात घालू नये असे बजावून ठेवले.

या दोन जुन्या गोष्टींतून तीन कलमे निघतात, ती श्रोत्यांनी मनात धरून ठेवावीत. नक्कल करण्यास मोकळीक हवी. नक्कल घेणाऱ्याने पुढे देणाराही व्हावयास हवे. आणि नक्कल खरी की खोटी हे पडताळण्याचे साधन हवे. मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा चाळीस वर्षांचा इतिहास म्हणजे ही तीन कलमे एकामागून एक कशी साधली त्याची हकीकत होय.

प्रथम मोकळिकीची गोष्ट. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची कारभारीण आहे. दाबलेली कळ, पडद्यावर उमटणारे अक्षर, साठवलेली फाइल, या साऱ्यांची व्यवस्था तीच पाहते; तिच्यावाचून संगणक म्हणजे निव्वळ लोखंड. १९७० नंतरच्या दशकात कंपन्यांनी आपापल्या प्रणालींची मूळ संहिता कुलपात ठेवण्यास आरंभ केला. यंत्र तुमचे, पण कारभारीण दुसऱ्याची. ती काय करते हे विचारण्याचा अधिकार नाही आणि शेजाऱ्यास देण्याचा तर नाहीच नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाची मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. वापरावे, तपासावे, बदलावे आणि वाटावे, असे चार अधिकार प्रत्येकास असावेत ही त्यांची मागणी. १९८९ साली त्यांनी हे अधिकार एका परवान्यात बांधले. या परवान्याची खुबी अशी की तो लेखाधिकाराच्या कायद्याचाच आधार घेतो. लेखक म्हणून माझा अधिकार आहे, आणि त्या अधिकाराने मी सांगतो की याची नक्कल करण्यास तुला मुभा आहे. मात्र तू पुढच्यासही तीच मुभा दिली पाहिजेस.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. इंग्रजीत मुक्त आणि मोफत या दोहोंस एकच शब्द असल्यामुळे त्या लोकांचा फार गोंधळ झाला. मराठीचे भाग्य असे की तिच्यापाशी दोन शब्द आहेत. स्टॉलमन स्वतः १९८५ साली आपल्या आज्ञावलीची चुंबकीय फीत टपालाने पाठवीत आणि तिचे १५० डॉलर घेत. पैसे घेण्यास मनाई नव्हती. फीत घेणाऱ्यास 'तू पुढे नक्कल करू नकोस' असे सांगण्यास मात्र मनाई होती.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे कळविले. हीच पुढे लिनक्स झाली. तिच्या पहिल्या परवान्यात एक गंमत होती. तिच्या वाटपासाठी एक पैसादेखील घेऊ नये अशी अट त्याने घातली होती. हेतू उदात्त होता, पण परिणाम उलटा झाला. ज्यांना फ्लॉपीवर नकला काढून सभांतून वाटावयाच्या होत्या त्यांस कोऱ्या फ्लॉपीचे पैसेही मागता येईनात. दानाला गाडीभाडे तरी लागतेच. १९९२ च्या आरंभी टॉरवाल्ड्स याने ती अट काढली आणि स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. मुक्त वस्तूच्या प्रसाराचा प्रश्न हा आधी वाहतुकीच्या खर्चाचा प्रश्न असतो, हे तेव्हा प्रथम स्पष्ट झाले.

वाहतूक किती अवघड होती याची कल्पना आजच्या तरुणांस येणार नाही. लिनक्सचा स्लॅकवेअर नावाचा संच जुलै १९९३ मध्ये २४ फ्लॉप्यांचा होता. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत तो ७३ फ्लॉप्यांवर गेला. त्यातली एक फ्लॉपी खराब निघाली की सारी मेहनत वाया. पुढे सीडी आली आणि हे ओझे एका तबकडीत मावू लागले. आपल्या देशात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने आपल्या अंकासोबत लिनक्सची सीडी देण्यास आरंभ केला. त्या काळातील कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली भेट मासिकवाल्याच्या टपरीवर झाली आहे. एक अंक आठ-दहा जणांत फिरे, आणि ज्याच्याकडे सीडी लिहिण्याचे यंत्र असे त्याच्या घरी रांग लागे.

इंटरनेट होते, नाही असे नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सामान्य जनतेस खुले केले. परंतु ते टेलिफोनच्या तारेवरून येई. सेकंदाला ५६ किलोबिट हा त्या तारेचा कागदावरचा कमाल वेग. त्या वेगाने ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवावयास २६ तास लागतात. प्रत्यक्षात वेग त्याहून कमी असे, आणि फोनचे बिल मिनिटांवर चढे. आम्ही स्वतः अशा रात्री जागविल्या आहेत. पाऊण काम झाले की वीज तरी जाई, नाहीतर एखाद्या नातलगाचा फोन तरी येई. तुटलेल्या फाइलीस पुढे जोड देण्याच्या युक्त्या होत्या, पण त्या आमच्यासारख्यांस फार उशिरा कळल्या.

आणि समजा, तार चांगली असती, तरी दुसरी अडचण होतीच. फाइल एका ठिकाणी, मागणारे हजार. मराठवाड्यातील माणसास हे समजावून सांगावे लागत नाही. टँकर एक आणि घागरी हजार असल्या की प्रत्येकाच्या वाट्याला काय येते ते आपण जाणतो. जगातील विद्यापीठांनी मूळ फाइलीच्या नकला आपल्या यंत्रांवर ठेवून, म्हणजे आणखी काही टँकर उभे करून, हा भार हलका केला. पण नवी आवृत्ती निघण्याच्या दिवशी तेही कोरडे पडत. मागणी वाढली की पुरवठा कमी पडावयाचा, हा जणू निसर्गनियमच मानला जात होता.

तो नियम मोडला तो असा. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या दुसऱ्याच महिन्यात अमेरिकेत 'नॅपस्टर' सुरू झाले. त्यात लोक आपापल्या संगणकावरील गाणी एकमेकांस थेट देत. गाणी बहुधा परक्याच्या मालकीची होती, खटले झाले, आणि २००१ साली नॅपस्टर बंद पडले. पण घेणाऱ्याचा संगणक हा देणाराही होऊ शकतो, ही गोष्ट सिद्ध होऊन राहिली. त्याच २००१ सालच्या जुलैत ब्रॅम कोहेन या तरुणाने 'बिटटॉरंट' ही आज्ञावली प्रसिद्ध केली.

तिची युक्ती पोथीच्या उदाहरणाने समजेल. एका मठात एक पोथी आहे आणि शंभर लोकांस तिची नक्कल हवी आहे. शंभरही जण पहिल्या पानापासून लिहावयास बसले तर पोथीभोवती झुंबड उडेल. त्याऐवजी पोथीची पाने सुटी केली आणि प्रत्येकास निराळे पान दिले. ज्याचे पान लिहून झाले त्याने ते दुसऱ्यास दाखवावे आणि त्याचे आपण उतरून घ्यावे. आता मूळ पोथीपाशी गर्दी नाही. शंभर लेखक हेच शंभर पोथ्या झाले. शिवाय नियम असा, की ज्या पानाच्या नकला सर्वांत कमी झाल्या असतील ते पान आधी घ्यावे. त्यामुळे मूळ पोथी मध्येच कोणी उचलून नेली तरी मंडळींत मिळून ती पूर्ण असण्याचा संभव वाढतो. बिटटॉरंट फाइलीचे असेच लहान लहान तुकडे करते. वीज गेली तर हातातला तुकडा तेवढा जातो. मिळालेले तुकडे जागच्या जागी राहतात. भारनियमनाच्या त्या वर्षांत याचे मोल आपल्याइतके कोणास कळणार?

पण माणूस आपमतलबी असतो. स्वतःची पोथी पूर्ण झाली की तो उठून जाईल, किंवा लिहिता लिहिताही दुसऱ्यास काही दाखविणार नाही, अशी शंका येते. कोहेन याने त्याचाही विचार केला होता. जो तुम्हांस देतो त्यास तुम्ही आधी द्यावे, असा नियम त्याने यंत्रातच बसविला. आपल्या शेतकऱ्यांत सावड म्हणतात ती हीच. तू माझ्या रानात आलास की मी तुझ्या रानात येईन. मग ज्याच्यापाशी अजून काहीच नाही त्या नवख्याने काय करावे? त्याच्यासाठी प्रत्येक यंत्र थोड्या थोड्या वेळाने एखाद्या अनोळखी संगणकास काही न मागता देऊन पाहते. बैल नसलेल्या शेजाऱ्यास पहिली पाळी उधार देण्यासारखेच हे. सावड आणि उसनवारी या दोहोंवर ही सारी इमारत उभी आहे.

तिची पहिली मोठी परीक्षा मुक्त प्रणालीनेच घेतली. ३१ मार्च २००३ रोजी 'रेड हॅट ९' ही लिनक्सची आवृत्ती निघाली आणि ती टॉरंटवर ठेवण्यात आली. त्या टॉरंटची एप्रिल ते ऑगस्ट अशी पाच महिन्यांची नोंदवही काही संशोधकांनी अभ्यासून पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली, म्हणून आपणांस त्याची विश्वसनीय हकीकत मिळते. संच १.७७ गिगाबाइटचा होता. पहिल्या ५ दिवसांत सुमारे ५१,००० आणि ५ महिन्यांत सुमारे १,८०,००० संगणक त्यात सामील झाले. सर्वांनीच तो पूर्ण उतरविला असे नाही. पण हिशेबापुरते समजा, की त्या पहिल्या ५१,००० जणांस सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या एका तारेवरून संपूर्ण संच पुरवावयाचा आहे. तर ती तार रात्रंदिवस सुमारे ८४ दिवस वाहती ठेवावी लागली असती. येथे गर्दीच पुरवठादार झाली. टँकरपुढील रांगेतल्या प्रत्येकाने आपल्या घागरीतून मागच्याच्या घागरीत ओतावे आणि तरीही कोणाची घागर रिती होऊ नये, असा हा प्रकार. पाण्याच्या बाबतीत हे अशक्य आहे. अक्षराच्या बाबतीत शक्य आहे, कारण अक्षर दिल्याने सरत नाही.

त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. आपले काम झाल्यावरही लोकांचे संगणक सरासरी साडेसहा तास इतरांस तुकडे पुरवीत राहिले. हा सर्व परोपकारच होता असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळांचे काम रात्री पुरे झाले असेल आणि धनी झोपेत असेल. आज्ञावली आपणहून बंद होत नव्हती. तथापि माणसाच्या झोपेतूनही शेजाऱ्याचे भले व्हावे अशी व्यवस्था ज्याने योजिली त्याच्या व्यवहारज्ञानास दाद दिली पाहिजे.

झोपेवरून आपल्याकडील एक आठवण निघते. २००५ साली भारत संचार निगमने ब्रॉडबँड सेवा सुरू केली. आमच्यासारख्या गावांस ती पुण्या-मुंबईनंतर मिळाली. तिच्या काही योजनांत दिवसा मोजून मापून, पण रात्री २ ते सकाळी ८ हवे तेवढे, अशी सवलत असे. सेकंदाला २५६ किलोबिट या वेगाने ७०० मेगाबाइटची सीडी उतरण्यास सहा तास लागतात. सवलत सहा तासांची आणि सीडीही सहा तासांची! त्या दिवसांत गजर लावून दोनला उठणारी, टॉरंट सुरू करून पुन्हा झोपणारी मुले गावोगाव होती. ज्यांना तेही शक्य नव्हते त्यांस 'उबुंटू' या प्रणालीचे चालक जगाच्या पाठीवर कोठेही टपालाने विनामूल्य सीडी पाठवीत. ती सोय २०११ साली बंद झाली. टॉरंट मात्र चालू राहिले, कारण त्याला टपालखर्च देणारा धनी लागत नव्हता.

येथवर ऐकून कोणी श्रोता मनात म्हणेल, "टॉरंट म्हणजे चोरीचे सिनेमे ना?" हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. त्या मार्गाने चोरी फार झाली आणि होते. २०१२ साली न्यायालयीन आदेशांच्या आधारे आपल्या देशात अशी कित्येक स्थळे बंद करण्यात आली. पण रस्त्यावरून चोर जातो म्हणून वारीने रस्ता सोडावा काय? ज्याच्या मालकाने नक्कल करण्यास बंदी केली आहे त्याची नक्कल ही आगळीक आहे. ज्याच्या कर्त्याने 'नक्कल कर आणि वाट' असे लिहून ठेवले आहे त्याची नक्कल ही आज्ञापालन आहे. रीत एकच, कृत्ये दोन. हा भेद न केल्यामुळे काही शिक्षणसंस्थांनी आपल्या जाळ्यावर टॉरंटचे दारच लावून टाकले. आणि विनोद असा, की त्याच संस्थांच्या प्रयोगशाळांतून बाजारातल्या चोरट्या सीडीवरची प्रणाली सुखाने नांदत असते. आमच्या माहितीच्या एका शाळेत अशाच प्रतीबरोबर आलेल्या व्हायरसने वार्षिक निकालाच्या याद्या खाऊन टाकल्या, आणि शिक्षकांस त्या पंधरा दिवस हाताने पुन्हा लिहाव्या लागल्या. स्वस्ताई महाग पडली म्हणून सर्वांनी नशिबास दोष दिला. ती नक्कल खरी आहे की नाही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता आपण तिसऱ्या कलमाशी, पडताळ्याशी, आलो. एकनाथांस प्रती ताडताना जे श्रम पडले ते आज गणिताने हलके केले आहेत. कोणत्याही फाइलीवर एक ठराविक गणित केले असता अंकाक्षरांचा एक लहानसा ठसा निघतो. फाइलीत एका अक्षराचा जरी बदल झाला तरी ठसा पार बदलतो. टॉरंटमध्ये प्रत्येक तुकड्याचा ठसा आधीच नोंदलेला असतो. आलेला तुकडा त्याच्याशी जुळला नाही तर यंत्र तो टाकून देते आणि दुसऱ्याकडून मागते. यामुळे एक नवल घडते. देणारा कोण, कोठला, प्रामाणिक की लबाड, हे ठाऊक नसतानाही त्याने दिलेले पान खरे आहे की नाही ते कळते. नामदेवांची मुद्रा कोणासही घालता येई. हा ठसा हवा तसा उमटविता येत नाही. जुन्या पद्धतीच्या ठशात बनावट साधता येते असे २०१७ साली दाखविण्यात आले, म्हणून आता अधिक मजबूत ठसे वापरतात.

हे सर्व पुस्तकी नाही, याचा दाखला २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिळाला. 'लिनक्स मिंट' या लोकप्रिय मुक्त प्रणालीच्या अधिकृत स्थळात चोर शिरले आणि त्यांनी तेथील दुव्यांमागे मागील दार ठेवलेली खोटी प्रत लावली. त्या दिवशी जे मोठ्या विश्वासाने मुख्य दारातून गेले त्यांतील काहींच्या हाती विष पडले. ज्यांनी टॉरंटने घेतली त्यांना धोका नव्हता असे चालकांनी जाहीर केले. मुख्य गादीवरचा माल खोटा निघाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडचा खरा निघाला! कारण ठसे आधीच गावभर झाले होते. यातून एवढे शिकावे, की ठसा आणि फाइल एकाच घरात ठेवू नयेत, आणि ठशावर कर्त्याची संगणकीय सही आहे की नाही तेही पाहावे. टॉरंटची पहिली चिठ्ठीच खोटी असेल तर पुढचा सारा पडताळा व्यर्थ आहे. शिक्काच बनावट असल्यावर 'खरी नक्कल' या शब्दांस अर्थ राहत नाही.

आजची स्थिती पाहू. २०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि खेड्यापाड्यांत पोहोचले. ज्या फाइलीसाठी आम्ही रात्री जागविल्या ती आता चहा होईपर्यंत उतरते. मग या सावडीची गरज काय उरली? आमचे उत्तर असे, की घेणे सोपे झाले आहे, देणे नव्हे. घरी येणाऱ्या तारांचा येणारा वेग पुष्कळदा मोठा आणि जाणारा लहान ठेवलेला असतो. मोबाइल कंपन्या सहसा हजारो ग्राहकांस एकाच पत्त्याच्या आडोशाला बसवितात. त्यामुळे आपला संगणक बाहेर मागू शकतो, पण बाहेरचा कोणी आपल्या दारावर थाप सहसा मारू शकत नाही. हे कोणी दुष्टपणाने केले असे नाही. पत्ते अपुरे पडले, आणि ग्राहक म्हणजे घेणारा हे गृहीत धरले गेले. परिणाम मात्र असा, की आपण पुन्हा टँकरच्या रांगेत आहोत. टँकर मोठे झाले आहेत इतकेच.

आणि नेमक्या या वेळी आपल्या जिल्ह्याच्या दारी एक मोठी गोष्ट आली आहे. ज्या औंढ्यास विसोबा खेचरांनी नामदेवांस उपदेश केला असे परंपरा सांगते, त्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्याचे ठरले. केंद्र सरकारने २०१६ साली तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि ११ मे २०२३ रोजी तिची कोनशिला बसविण्यात आली. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. ती ओळखणारे संगणक लिनक्सवर चालत होते. त्यांच्या आज्ञावलींचा मुख्य संच ग्नूच्या परवान्याखाली सर्वांस खुला आहे, आणि वेधांचे आकडेही पुढे जगास खुले केले जातात. इतकेच नव्हे, तर २००५ सालापासून 'आइनस्टाइन ॲट होम' या उपक्रमात सामान्य लोकांनी आपल्या घरचे संगणक लायगोचे आकडे तपासण्यास दिले आहेत. तात्पर्य, आपल्या माळावर जे विज्ञान येत आहे ते मुक्त प्रणालीचीच भाषा बोलते. त्या कुंपणाच्या आत आमच्या पोरांनी पहारेकरी म्हणूनच जावे की जाणकार म्हणूनही जावे, याचा निकाल आजच्या शाळेतील संगणक कोणती प्रणाली चालवितो आणि मुलांस तिच्या पोटात डोकावू देतो की नाही, यावर बराचसा अवलंबून आहे.

साधनांची वाण नाही. सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या पायावर 'बॉस' ही प्रणाली २००७ साली काढली. तीत मराठीची सोय आहे. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने मुक्त आज्ञावलींचे धडे तयार करविले, त्यांत मराठी धडेही आहेत, आणि इंटरनेटवाचूनही शिकता यावे अशी त्यांची रचना आहे. उणीव आहे ती फक्त आपल्या गावात देता हात ठेवणाऱ्याची.

म्हणून व्याख्यान संपविण्यापूर्वी एक लहानशी सूचना करतो. आपल्या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका वाचनालयाने एक जुना संगणक कोपऱ्यात ठेवावा. त्यावर दोन-तीन मुक्त प्रणालींच्या ताज्या, पडताळून घेतलेल्या प्रती असाव्यात. जो पेनड्राइव्ह घेऊन येईल त्याला त्या उतरवून द्याव्यात, आणि रात्री तो संगणक टॉरंटवर जगास वाटा देत राहावा. फलकावर वर्तमानपत्रांच्या शेजारी प्रत्येक प्रतीचा ठसा लिहून लावावा आणि तो आपल्या प्रतीशी कसा जुळवावा हे मुलांस एकदा शिकवावे. खर्च विजेचा आणि थोड्या चिकाटीचा. एखाद्या चिकाटीच्या शिक्षकाला हे काम दोन रविवारांत उभे करता येईल.

नर्सीहून निघालेली पदे घुमानपर्यंत गेली ती ऐकणाऱ्यांनी आपल्यापाशीच ठेवली नाहीत म्हणून. ज्ञानेश्वरी शुद्ध राहिली ती कोणीतरी प्रती ताडण्याचे कष्ट घेतले म्हणून. ही दोन्ही कामे आपल्या मातीला नवी नाहीत. वाचनालयाच्या कोपऱ्यातील तो संगणक रात्री लुकलुकत राहिला, आणि त्याच्यावरून कोठल्या तरी परक्या मुलुखातील एका मुलाने एक पान उतरवून घेतले, तर त्या मुलास हिंगोली हे नाव कदाचित कधीच कळणार नाही. त्याच्या हाती पडलेली नक्कल खरी असली म्हणजे झाले.